कार्यक्षेत्राबाहेर

मे महिन्यातली दुपार, सव्वा वाजलेला.
मी गोळीबार चौकातून आत वळलो
डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा,
बगलेत एकतीस प्रश्नांचा फॉर्म.
'सुरक्षित कूलर, सुरक्षित घर':
या उपक्रमाची गुणवत्ता ठरवायला
संस्थेनं मला तीन दिवस दिले होते.
कांदा माझा मी आणला होता.

कागदावर सगळं ठीक.
पोस्टर चारशे बारा. सभा नऊ.
हजेरीपटावर सह्या, अंगठे, आणि एका ओळीत
कुणा लेकरानं काढलेला पतंग.

पहिल्या घरी पोस्टर डाळीच्या डब्यांखाली अंथरलेलं.
दुसऱ्या घरी कूलरच्याच बाजूच्या फटीला चिकटवलेलं,
झळ आत येते म्हणून.
मी लिहिलं: साहित्य वापरात आहे.
ते खोटं नव्हतं.

प्रश्न अकरा. पाणी टाकण्याआधी प्लग काढता का?
"काढतो ना जी," सगळेच म्हणाले.
देवकाबाई हेडाऊ काहीच म्हणाल्या नाहीत.
उठल्या, बादली उचलली,
कूलरपाशी थांबून ओरडल्या,
प्लग!
आतून नातू, तोंडात कैरी:
निंगला!
आणि भिंतीपलीकडून, कुणी विचारलं नसताना,
आणखी एक आवाज, मग त्याच्याही पलीकडचा,
निंगला, निंगला,
गल्लीच्या टोकापर्यंत.

"हे सभेत शिकवलं का?"
"सभेत चहा होता. हे आमचंच खूळ.
मागच्या साली हात चिकटला होता माहा टाकीले,
तवापासून मी बोंबलतो, अन् मंग सारेच बोंबलतात."

एकतीस प्रश्नांत बोंबलण्याला रकाना नव्हता.

रेवनाथ निमजे, वायरमन,
फॉर्मवर त्याचं नाव: स्वयंसेवक, संख्या एक.
त्याच्याकडे शाळकरी वही. घर, कूलर, झिणझिणी.
कमी असेल तर एक फुली, जास्त असेल तर दोन.
अर्थिंग करून दिलं की फुलीवर गोल.
वही बघू म्हटलं तर लाजला,
"अक्षर खराब हाये साहेब."
त्या वहीत एकशे एकोणतीस गोल होते.

तो नातू उंबऱ्यावर बसून
कैरीला मीठ लावत होता.
हा वाचलेला आहे की नुसताच जिवंत,
कोणत्या पुराव्यानं ठरवू?
जे झालं नाही
त्याच्या घरी जाऊन सही कुणाची घ्यायची?

प्रश्न चोवीस. उपक्रमकाळात कार्यक्षेत्रातील मृत्यू.
"शून्य," रेवनाथ म्हणाला.
टेस्टर खिशात घातला, परत काढला.
"नाल्याच्या पल्याड धराचं का?"

नकाशावर कार्यक्षेत्र नाल्यापाशी संपतं.
पल्याड निळ्या दाराचं घर.
तिथं मागच्या जूनमध्ये धनश्री, वय सात,
आंघोळ करून आलेली, पाय ओले.
पोस्टर तिच्याही भिंतीवर होतं.
"तिकडचे पोट्टे मागून न्यायचे," रेवनाथ म्हणाला,
"चित्र चांगलं होतं ना."
चित्रात एक मुलगी हसत हसत
प्लग काढत होती.

मी शून्य लिहिलं.
ते बरोबर आहे, कुणीही तपासावं.
पेन नाल्याच्या अल्याड होतं.

शेवटच्या पानावर श्रेणी:
उत्तम, मध्यम, असमाधानकारक.
तीन चौकोन, एकात खूण.

रात्री मानेवाड्याच्या खोलीत
अकराला लाईट गेली, साडेअकराला आली.
कूलरची मोटर कोरडी घरघरली.
बादली घेऊन उभा राहिलो
आणि, का कोण जाणे, मोठ्यानं म्हणालो,
प्लग!

खोलीत दुसरं कुणी नाही.
वरून घरमालक म्हणाले, "काय झालं हो?"

"काही नाही," मी म्हणालो.
बादली खाली ठेवली.
भिंतीकडे गेलो.